टन, चौरस मीटर आणि मोजपट्टीची मालकी

आमेरच्या किल्ल्यातील शीशमहाल पाहावयास येणाऱ्या प्रवाशांना तेथील वाटाडे एक गोष्ट हमखास सांगतात. रात्री या महालात एकच मेणबत्ती पेटविली, तरी भिंतींवर व छतावर जडविलेल्या असंख्य काचतुकड्यांतून तिचे प्रतिबिंब उमटते आणि सारे दालन तारांगणासारखे उजळून निघते, अशी ती गोष्ट. ही काच बेल्जियमहून आणली होती, असेही ते सांगतात. महाल बांधविणारा मिर्झाराजा जयसिंग महाराष्ट्राला परका नाही. औरंगजेबाचा सेनापती म्हणून दक्षिणेत उतरून १६६५ च्या जूनमध्ये शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारा तो हाच. गोष्टीत राजाचे नाव आहे, काचेचे माहेरही आहे. परंतु ओल्या गिलाव्यात एकेक तुकडा बसविणारे कारागीर आणि डोंगरावर दगड वाहून नेणारे मजूर मात्र त्या गोष्टीत कोठेच येत नाहीत.

काचेविषयीची दुसरीही एक गोष्ट आहे. ती आमेरचे वाटाडे सांगत नाहीत; विद्यापीठांतील अर्थशास्त्राचे अध्यापक, भांडवलदारी वृत्तपत्रांचे अग्रलेखक आणि व्यवस्थापनशास्त्राचे पंडित ती सांगतात. युद्धोत्तर सोव्हिएत संघातील एका काचकारखान्याची ती गोष्ट. योजनेचे लक्ष्य टनांत ठरवून दिले, तेव्हा कारखान्याने इतकी जाड काच काढली की तिच्यातून पलीकडचे धड दिसेना. लक्ष्य बदलून चौरस मीटरमध्ये दिले, तेव्हा इतकी पातळ काच काढली की वाऱ्याच्या झोताने ती फुटू लागली. वर्गात हशा पिकतो. आणि तो ओसरण्यापूर्वीच निष्कर्ष गळी उतरविला जातो: नियोजन मनुष्यस्वभावाच्या विरुद्ध आहे, बाजारपेठेवाचून तरणोपाय नाही, समाजवादाचा विषय संपला.

या गोष्टीला उत्तर देताना चळवळीतही दोन चुका होत आल्या आहेत. काही कार्यकर्ते हा सारा साम्राज्यवाद्यांचा अपप्रचार आहे असे म्हणून मोकळे होतात. काही जण खाली मान घालून गप्प बसतात आणि मनातल्या मनात विरोधकाचा निष्कर्ष मान्य करतात. पहिल्या प्रकारच्या उत्तराने सुशिक्षित तरुण कामगाराचा विश्वास गमावला जातो; दुसऱ्या प्रकाराने स्वतःवरचाच विश्वास ढळतो. या गोष्टीतील खरे ते खरे म्हणून स्वीकारणे, आणि तिच्या शेपटीला बांधलेला खोटा निष्कर्ष तोडून टाकणे, हाच मार्क्सवाद्याचा मार्ग होय.

भट्टीपाशी प्रत्यक्षात काय घडते?

टिंगल करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी काचेची भट्टी पाहिलेली नसते. म्हणून आधी भट्टीपासूनच सुरुवात केली पाहिजे.

खिडकीच्या तावदानाची काच दीर्घकाळ ज्या पद्धतीने काढली जाई, ती पद्धत योगायोगाने बेल्जियमचीच. एमिल फूर्को या बेल्जियन तंत्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी ती शोधून काढली. वितळलेल्या काचेच्या कुंडात होडीच्या आकाराचा, मधोमध लांबट खाच असलेला अग्निरोधक मातीचा ठोकळा दाबून धरतात. खाचेतून काचरस वर येतो. त्याची पट्टी रुळांच्या जोड्यांमध्ये पकडून सरळ वर ओढली जाते. ओढता ओढता ती थंड होते आणि वरच्या मजल्यावर कामगार तिचे ताव कापून घेतात. सोव्हिएत संघ, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, जर्मन लोकशाही प्रजासत्ताक या देशांतील कारखाने युद्धानंतर मुख्यतः अशाच उभ्या ओढीच्या पद्धतींवर चालत. १९५९ साली इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलावर काच तरंगविण्याची पद्धत जाहीर केली आणि पुढे जगभर तिने या पद्धतींची जागा घेतली.

उभ्या ओढीच्या यंत्रावर काचेची जाडी मुख्यतः ओढीच्या वेगावर ठरते. सावकाश ओढले तर पट्टी जाड होते, भराभर ओढले तर पातळ. भट्टी मात्र रात्रंदिवस, वर्षानुवर्षे पेटलेलीच ठेवावी लागते. ती विझली तर कुंडातील काच गोठते आणि विटा तडकतात. म्हणजे दिवसाला किती काच वितळणार हे जवळजवळ ठरलेले असते. ती जाड काढावयाची की पातळ, एवढेच काय ते रुळांच्या वेगावर सोडलेले असते.

आता हिशेब पाहा. एक चौरस मीटर काचेचे वजन जाडीच्या दर मिलिमीटरमागे अडीच किलो भरते. भट्टीतून १०० टन काच निघाली, तर २ मिलिमीटर जाडीचे २०,००० चौरस मीटर होतात, ३ मिलिमीटर जाडीचे १३,३३३ आणि दीड मिलिमीटर जाडीचे सुमारे २६,६६६. ज्याचा बोनस टनांवर अवलंबून आहे, तो संचालक ओढ सावकाश ठेवतो. काच जाड निघते, कापताना कमी फुटते, टन भरतात. ज्याचा बोनस चौरस मीटरवर अवलंबून आहे, तो रुळांचा वेग वाढवितो; काच पातळ निघते, गाडीत फुटते, खिडकीत फुटते, परंतु कारखान्याच्या दारातून बाहेर पडताना तिचे मोजमाप झालेले असते आणि योजना ‘पूर्ण’ झालेली असते. यात संचालक मूर्ख नाही, कामगार आळशी नाही. यंत्र जसे आहे आणि हिशेब जसा आहे, त्यातून हेच निघावयाचे.

दोष प्रथम कोणी दाखविला?

गोष्ट सांगणारे एक महत्त्वाची बाब नेहमी गाळतात. हा दोष पाश्चात्त्य पंडितांनी हेरगिरी करून शोधून काढलेला नाही. तो सोव्हिएत वृत्तपत्रांतून, सोव्हिएत व्यासपीठांवरून, सोव्हिएत कम्युनिस्टांनीच वेशीवर टांगला. ‘क्रोकोडिल’ या सोव्हिएत विनोदी नियतकालिकातील एका व्यंगचित्रात खिळ्यांच्या कारखान्याने महिन्याची सारी योजना एकाच अजस्र खिळ्यात पुरी केलेली दाखविली होती. १९५९ साली खुद्द ख्रुश्चेव्ह यांनी वजनावर योजना असल्यामुळे झुंबरे जडच्या जड केली जातात, अशी जाहीर टीका केली. खारकोव्हचे अर्थशास्त्रज्ञ येवसेई लिबरमन यांचा योजना, नफा आणि बक्षीस यांच्या संबंधावरील लेख ९ सप्टेंबर १९६२ च्या ‘प्रावदा’मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावर देशभर खुली चर्चा झाली. पश्चिमेत जाड काचेचा दाखला ज्यांनी प्रचलित केला, त्यांच्यापैकी अॅलेक नोव्ह यांनी तो याच सोव्हिएत चर्चांतून उचलला होता. आणि नोव्ह यांनीसुद्धा त्यातून समाजवाद अशक्य आहे असा निष्कर्ष काढला नाही. १९८३ साली त्यांनी व्यवहार्य समाजवादाच्या अर्थव्यवस्थेवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्यांचा बाजारपेठीय समाजवाद मान्य असो वा नसो, त्यांच्या दाखल्याचा वापर करून समाजवादाचे दफन करणाऱ्यांनी निदान त्यांचा ग्रंथ तरी वाचावा.

दुसरी गाळलेली बाब म्हणजे ती काच कशासाठी हवी होती. हिटलरी आक्रमणाने सोव्हिएत संघात १,७१० शहरे व नगरे आणि ७०,००० हून अधिक खेडी उद्ध्वस्त झाली होती. सुमारे अडीच कोटी माणसे बेघर झाली होती. काचेच्या भट्ट्या ज्या भागात होत्या, त्यातील कितीतरी भाग शत्रूच्या ताब्यात गेला होता. अशा देशात १९४० साली सुमारे ४.५ कोटी चौरस मीटर असलेले खिडकीच्या काचेचे उत्पादन १९५० साली सुमारे ७.७ कोटी चौरस मीटरवर आणि १९६० साली सुमारे १४.७ कोटी चौरस मीटरवर पोहोचले. ही तावदाने कोणा राजाच्या शीशमहालात बसली नाहीत. ती कामगारांच्या घरांत, शाळांत, इस्पितळांत बसली. काही वाकडी होती, काहींतून बाहेरचे झाड लाटेसारखे दिसे. परंतु उणे तीस अंशांच्या थंडीत खिडकीला फळी ठोकून राहिलेल्या कुटुंबाला विचारा, की वाकडी काच बरी की काचच नसलेली बरी.

एवढे सांगून थांबले, तर मात्र ती वकिली होईल. आणीबाणीच्या काळात जे क्षम्य होते, ते पंधरा-वीस वर्षांनंतरही चालू राहिले, याचे उत्तर दिलेच पाहिजे.

शिक्षा, रूपांतर आणि रूबल

सोव्हिएत राज्याने हा दोष दूर करण्यासाठी काहीच केले नाही असे नाही. १० जुलै १९४० च्या हुकुमान्वये निकृष्ट अथवा अपुरा माल बाहेर पाठविणाऱ्या संचालकांना, मुख्य इंजिनियरांना व तपासणी खात्याच्या प्रमुखांना ५ ते ८ वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा ठरविण्यात आली. तुरुंगाच्या धाकाने मालाचा दर्जा सुधारला नाही. कारण योजना अपुरी पडली तरी शिक्षाच होती. दोन्हीकडून कात्रीत सापडलेला संचालक कागद चोख ठेवावयास शिकला.

मग हिशेबाची तऱ्हा सुधारण्यात आली. काच कोणत्याही जाडीची असो, ती २ मिलिमीटर जाडीत रूपांतरित करून चौरस मीटरमध्ये मोजावयाची, अशी रीत आली. युक्ती चांगली होती. जाड की पातळ या प्रश्नातील खोट तिने बरीचशी काढली. परंतु काच सपाट आहे का, बुडबुडे किती, कडा सरळ कापल्या आहेत का, इमारतीला हव्या त्या मापाचे ताव मिळाले का, हे कोणत्याही रूपांतरात येत नाही. १९६५ साली कोसिगिन यांच्या आर्थिक सुधारणांनी ढोबळ उत्पादनाऐवजी विक्री आणि नफा यांना प्रमुख निर्देशांक केले. तेव्हा कारखान्यांचा ओढा स्वस्त, गरजेचा माल टाळून किमतीने भारी माल काढण्याकडे वळला. टन गेले, चौरस मीटर गेले, रूबल आला. आणि पळवाट तेथेही निघाली.

यातून जो धडा घ्यावयाचा, तो बाजारवाद्यांच्या धड्याहून वेगळा आहे. कोणताही एकच आकडा, मग तो टनांचा असो, मीटरचा असो वा पैशाचा असो, मालाच्या उपयुक्ततेची जागा घेऊ शकत नाही. मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्याच प्रकरणात उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांतील विरोध उलगडून दाखविला आहे. भांडवलदाराला काचेशी कर्तव्य नसते, काचेतून सुटणाऱ्या पैशाशी असते. टनांच्या योजनेत संचालकालाही काचेशी कर्तव्य उरले नाही, काचेच्या वजनाशी उरले. म्हणजे या कारखान्याचा दोष तो फार समाजवादी होता हा नव्हता. वस्तूच्या उपयोगापासून तुटलेल्या अमूर्त राशीची पूजा ही भांडवलशाहीची जुनी सवय तेथे नव्या वेषात टिकून राहिली होती.

ती का टिकली? कारण मोजपट्टी वरून येत होती आणि अहवाल वर जात होता. मंत्रालय आकडा ठरवी, कारखाना आकडा परत पाठवी. ज्या गवंड्याला ती काच बसवावयाची होती, ज्या भाडेकरूला त्या खिडकीशी हिवाळा काढावयाचा होता, त्यांना तो ताव नाकारण्याचा अधिकार व्यवहारात नव्हता. टंचाई इतकी की मिळेल ते घ्यावे. रुळांपाशी उभ्या असलेल्या कामगाराला काच लाटदार निघते आहे हे सर्वांआधी दिसत होते. परंतु वेग कमी करा असे सांगण्याचे बळ त्याच्या समितीत राहिले नव्हते. नोव्हेंबर १९१७ मध्ये क्रांतीनंतर अवघ्या काही दिवसांत कामगार-नियंत्रणाचा हुकूम निघाला होता. ते नियंत्रण यादवी युद्ध, उपासमार, वेढा आणि पुढे नोकरशाही यांच्या ओझ्याखाली सुकून गेले. जाड काचेची किंमत अखेर याच ठिकाणी द्यावी लागली. हे मान्य करण्यात कम्युनिस्टांना कमीपणा नाही. ते लपविण्यात आहे.

बाजारपेठेची मोजपट्टी

आता समाजवादाचा विषय संपला म्हणणाऱ्यांनी पुढची गोष्टही ऐकावी, कारण त्यांची गोष्ट १९८९ च्या आधीच थांबते.

समाजवादी सत्ता कोसळल्यानंतर त्या देशांतील काचकारखान्यांचे काय झाले? चेकोस्लोव्हाकियातील तेप्लित्से येथील मोठा सपाट-काच उद्योग १९९१ साली ग्लाव्हरबेल या बेल्जियन कंपनीकडे गेला. ती कंपनी जपानच्या असाही समूहाची होती. पूर्व जर्मनीतील टोरगाऊचा कारखाना फ्रान्सच्या सँ-गोबँकडे गेला. पोलंडमधील सांदोमिएझ पिल्किंग्टनकडे, हंगेरीतील ओरोशहाझा अमेरिकेच्या गार्डियनकडे गेले. रशियातील बोर येथील जुना कारखानाही १९९७ मध्ये ग्लाव्हरबेलने हस्तगत केला. जनतेच्या श्रमाने उभ्या राहिलेल्या भट्ट्या मूठभर बहुराष्ट्रीय कंपन्यांत वाटल्या गेल्या. आता स्पर्धा येणार, आता ग्राहक राजा होणार, असा डांगोरा पिटण्यात आला.

आणि झाले काय? २८ नोव्हेंबर २००७ रोजी युरोपीय आयोगाने इमारतींच्या सपाट काचेच्या व्यवहारात संगनमताने दर वाढविल्याबद्दल चार कंपन्यांना मिळून ४८ कोटी ६९ लाख युरोंचा दंड ठोठावला. त्या चार कंपन्या कोणत्या? गार्डियन, पिल्किंग्टन, सँ-गोबँ आणि ग्लाव्हरबेल! पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००८ मध्ये, मोटारींच्या काचेतील संगनमताबद्दल असाही, पिल्किंग्टन, सँ-गोबँ आणि सोलिव्हर यांना १ अब्ज ३८ कोटी युरोंहून अधिक दंड झाला. न्यायालयांत जाऊन काहींनी दंडाच्या रकमा कमी करून घेतल्या. सोव्हिएत संचालक लक्ष्याच्या आकड्याला फसवीत होता, कारण बोनस हवा होता. हे सभ्य गृहस्थ साऱ्या युरोपच्या ग्राहकांना फसवीत होते, कारण नफा हवा होता. पहिल्याची गोष्ट प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. दुसऱ्यांची गोष्ट सांगून वर्गात हशा पिकविणारा अध्यापक शोधून सापडणार नाही.

नियोजनाने तंत्रज्ञान खुंटते, हा आणखी एक आवडता आरोप. परंतु चेकोस्लोव्हाकियाने तरंगत्या काचेचा परवाना पिल्किंग्टनकडून साठच्या दशकातच घेतला होता. चीनमध्ये तर लोयांग येथील कारखान्याने १९७१ साली स्वतःची तरंगती पद्धत उभी केली, आणि आज जगातील निम्म्याहून अधिक सपाट काच चीनमध्ये निघते. चीनच्या अर्थव्यवस्थेच्या आजच्या स्वरूपाविषयी मतभेद असतील. परंतु त्या भट्टीचा पाया बाजारपेठेने घातला नव्हता, एवढे निर्विवाद.

मोजपट्टीत न मावणारी माणसे

भांडवलाच्या मोजपट्टीला काच दिसते, पण काचेची वाळू खणणारा माणूस दिसत नाही. काचेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग म्हणजे सिलिका. ही वाळू उत्तर प्रदेशात शंकरगडला खणली जाते, महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कासार्डे परिसरात खणली जाते, राजस्थानातही खणली जाते. सिलिकेची धूळ छातीत गेली की फुप्फुसे दगडासारखी होतात. या सिलिकोसिसवर औषध नाही. ज्या राजस्थानात आमेरचा शीशमहाल प्रवाशांचे डोळे दिपवितो, त्याच राजस्थानात वालुकाश्माच्या खाणींत आणि दगड घडविण्याच्या कामात या रोगाने इतकी माणसे गिळली, की २०१९ साली राज्य सरकारला त्यासाठी स्वतंत्र धोरण जाहीर करावे लागले. रोगाचे प्रमाणपत्र मिळाल्यावर ३ लाख रुपये आणि मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख रुपये, असे अर्थसाहाय्य त्यात ठरले. कामगारांच्या व संघटनांच्या प्रयत्नांचे हे फळ आहे, त्याचे मोल कमी लेखू नये. परंतु हा पैसा सरकारी योजनेतून मिळतो. धूळ उडवून नफा कमावणाऱ्या मालकाच्या ताळेबंदात त्या फुप्फुसांची नोंद कोणत्या रकान्यात होते? टनांतही नाही, चौरस मीटरमध्येही नाही, रुपयांतही नाही.

फिरोजाबादच्या बांगड्यांचे उदाहरण घ्या. तेथे बांगडीचे दोन टोक जोडण्याचे काम घराघरांत स्त्रिया आणि मुले दिव्याच्या ज्योतीवर करीत आली, आणि मजुरी मोजली जाते तोड्यावर. एका तोड्यात तीनशेहून अधिक बांगड्या. हात थांबला की मजुरी थांबली. हीसुद्धा आकड्यांचीच योजना आहे. फरक एवढाच की येथे आकडा चुकविण्याची चैन कामगाराला नाही. तो आपल्या डोळ्यांनी आणि बोटांनी तो पुरा करतो. मार्क्सने ‘भांडवल’मधील कामाच्या दिवसावरील प्रकरणात एकोणिसाव्या शतकातील इंग्रज काचमालकांची नोंद घेतली आहे. मुलांना जेवणाची ठरावीक सुट्टी दिली तर भट्टीची उष्णता वाया जाईल, अशी तक्रार त्यांनी चौकशी आयोगापुढे केली होती. उष्णता मोजली गेली, मुलांची भूक मोजली गेली नाही. जाड काचेवर हसणाऱ्यांनी हे पान उघडून पाहावे.

तळेगावचा पैसा

कोणी म्हणेल, भारतात काचेचा उद्योग भांडवलदारांच्या साहसानेच उभा राहिला. महाराष्ट्रातील वाचकाला तरी हे सांगण्याची सोय नाही. १९०८ साली तळेगावला जो काचकारखाना निघाला, तो अंताजी दामोदर काळे यांनी चालविलेल्या पैसा फंडातून. लोकमान्य टिळकांचा त्या फंडाला भक्कम पाठिंबा होता. दर माणशी वर्षाला एक पैसा, अशी ती वर्गणी. ज्याला दोन वेळची भ्रांत होती, त्याचाही पैसा त्या भट्टीत होता. तेथे शिकलेली माणसे देशात ठिकठिकाणच्या काचकारखान्यांत गेली आणि परदेशी मालाच्या मक्तेदारीला त्यांनी तोंड दिले. त्या कारखान्याला समाजवादी म्हणणे चुकीचे ठरेल. तो स्वदेशीच्या राष्ट्रीय चळवळीचे अपत्य होता. परंतु किती नफा झाला यापेक्षा किती हात तयार झाले, ही मोजपट्टी तेथे लावली गेली, आणि ती लावणारे लोक भट्टीच्या बाहेर, गावोगाव होते. लोकांच्या गरजेसाठी लोकांच्या पैशाने उत्पादन करणे मनुष्यस्वभावाविरुद्ध आहे म्हणणाऱ्यांना हे एवढे उत्तर पुरे.

प्रश्न मोजण्याचा नाही, मालकीचा आहे

आकडेच नकोत, अशी भूमिका कोणी घेत असेल तर तीही भाबडी आहे. आमेरहून अकरा किलोमीटरवर जयपूरच्या वेधशाळेत सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात उभारलेले २७ मीटर उंचीचे सम्राट यंत्र आहे. त्याची छाया सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते आणि त्यावरून वेळ दोन सेकंदांपर्यंत अचूक वाचता येते. मोजमाप ही मानवी बुद्धीची मिळकत आहे; कामगारवर्ग ती टाकून देणार नाही. भट्टीत किती वाळू, किती सोडा, किती चुनखडी पडते, किती इंधन जळते, किती ताव फुटतात, किती कामगार खोकतात, हे सारे मोजले गेलेच पाहिजे. नियोजन म्हणजे दुसरे काय?

परंतु कोणी मोजावयाचे, कशासाठी मोजावयाचे आणि मोजणी खोटी निघाली तर काम थांबविण्याचा अधिकार कोणाला, हे तीन प्रश्न सुटल्याशिवाय मोजपट्टी बदलून काही साधत नाही. सोव्हिएत काचकारखान्यात हे प्रश्न अर्धवट सुटले. मालकी जनतेची झाली, मोजपट्टी मात्र कचेरीत राहिली. भांडवलदारी कारखान्यात तर ते विचारण्याचीच बंदी आहे. आपल्या देशात कामगार-कायद्यांच्या नव्या संहितांनी कारखाना-निरीक्षकाचे नावच ‘निरीक्षक तथा सुलभकर्ता’ असे करून टाकले आहे. कोणाची सोय त्याने करावयाची आहे, हे कामगाराला समजावून सांगावे लागत नाही.

म्हणून ज्या कार्यकर्त्याला कारखान्याच्या दारापाशी, वाचनालयात वा महाविद्यालयात ही जाड काचेची गोष्ट ऐकवली जाईल, त्याने ती शांतपणे पूर्ण ऐकावी आणि मग पूर्ण सांगावी: रुळांच्या वेगापासून, उद्ध्वस्त शहरांच्या खिडक्यांपासून, ‘प्रावदा’तील चर्चेपासून, चार कंपन्यांच्या दंडापर्यंत आणि वाळू खणणाऱ्याच्या छातीपर्यंत. त्याने समाजवादाची चूक लपवू नये, कारण त्या चुकीचे नाव आहे कामगाराच्या नियंत्रणाचा अभाव. आणि ते नियंत्रण मागणारा पक्ष दुसरा कोणताही नाही. आज जेथे युनियन आहे, तेथे धूळ मोजण्याच्या यंत्राचा आकडा कामगारांच्या समितीला दाखविला गेलाच पाहिजे, फुटलेल्या मालाचा हिशेब मजुरीतून कापण्याआधी तिच्यासमोर आला पाहिजे, यंत्राचा वेग वाढविण्यापूर्वी तिची संमती घेतली पाहिजे, या मागण्या लावून धरल्या पाहिजेत. उद्याच्या समाजवादाचे नियोजन अशाच समित्यांतून शिकले जाणार आहे, मंत्रालयाच्या टेबलावर नव्हे.

शीशमहालात एक दिवा हजार ठिकाणी दिसतो, ही राजाची करामत होती. दिवा मात्र एकच होता. कामगारवर्गाला हवे आहे ते साधे, सरळ, न फुटणारे तावदान, प्रत्येक घराच्या खिडकीत. आणि ते किती जाड असावे, हे त्या घरात राहणाऱ्यांनी आणि ते घडविणाऱ्यांनी मिळून ठरवावयाचे आहे.